कपाटाच्या वापरातील बदल

सगळ्याची सुरुवात काकड्यांच्या बरणीपासून झाली.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गुद्रून नेगेलेने व्हिनेगरमधल्या काकड्यांची बरणी जेवणाच्या टेबलावर आपटली आणि नवऱ्याला म्हणाली, "उघड."

एबरहार्ट नेगेलेने उघडली. गेली दोन वर्षं त्या घरातली जवळजवळ सगळी झाकणं तोच उघडत होता, कारण गुद्रूनच्या बोटांच्या पेरांत संधिवात येऊन बसला होता. बायकोने बरणी पुढे केली की निवृत्त माणसाला आपण अजून कामाचे आहोत असं वाटतं. हे अर्थात त्याने मरेपर्यंत कबूल केलं नसतं.

"ही शेवटची," गुद्रून म्हणाली. "माझ्या बरण्या मला उघडायच्यात. बहिणीने गांजाचं मलम दिलं होतं, ते लावत होते तोवर उघडत होते. ते संपलं. आता तू झाडं लाव."

एबरहार्टच्या घशात काकडी अडकली.

"कायद्याने चालतं आता," गुद्रून त्याच्या पाठीवर थापटत म्हणाली. "माणशी तीन झाडं. आपण दोघं, म्हणजे सहा."

"एक एप्रिलला लागू झालाय तो कायदा. शहाणं सरकार एक एप्रिलला असलं काही करील का? ते थट्टा करतायत आपली."

"सगळ्या देशाची थट्टा करायला सरकारला वेळ नाही, एबरहार्ट. बिया मागवल्यात मी. तू कपाट रिकामं कर."

इथे एबरहार्टची ओळख करून द्यायला हवी, आणि मी ती गोड शब्दांत करून देणार नाही. हा माणूस अडतीस वर्षं गावाच्या बांधकाम खात्यात तपासनीस होता. खिशात मोजपट्टी घेऊन लोकांच्या दारात उभं राहायचं आणि "परवानगी कुठाय?" एवढे दोन शब्द उच्चारायचे, हेच त्याचं आयुष्य. त्या दोन शब्दांनी त्याने कबुतरखाने पाडले, गच्च्या कापल्या, एका म्हाताऱ्याच्या कुत्र्याचं घरसुद्धा अर्धा हात मागे सरकवलं. सभ्य माणसं भित्री असतात आणि आपल्या भित्रेपणाला शिस्त म्हणतात. एबरहार्ट गावातला सर्वांत शिस्तीचा माणूस होता.

कपाट गुद्रूनच्या आईचं होतं. ओकच्या लाकडाचं, चार दारांचं, आत एक घोडा उभा राहील एवढं. त्यातले हिवाळी कोट न्हाणीघरात गेले, त्यामुळे पुढचे सहा महिने आंघोळ करताना आपल्याला पाचसात नातेवाईक बघतायत असं वाटत राहिलं. आतून पांढरा रंग झाला, दिवे टांगले, पंखा बसला. मागच्या फळीला पंख्याची नळी जाईल एवढं भोक पाडायचं होतं, ते पाडताना गुद्रून खोलीबाहेर जाऊन उभी राहिली. करवतीचा आवाज थांबल्यावर आत येऊन म्हणाली, "आई असती तर तुझ्याशी बोलली नसती."

"ती तशीही बोलत नव्हती."

"हो, पण मग तिला कारण मिळालं असतं."

इथवर सगळं सुरळीत होतं. बी पेरायचं, पाणी घालायचं, संपलं. पण एबरहार्टला रात्रंदिवस एकच गोष्ट खात होती: कागद कुठाय? म्हणून एका मंगळवारी इस्त्रीचा शर्ट घालून तो नगरपालिकेच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"गांजाच्या झाडांची नोंदणी करायची आहे."

खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "नोंदणी नसते त्याची."

"अर्जाचा नमुना द्या, मी भरून देतो."

"नमुनाच नाहीये, साहेब. घरी जा आणि लावा."

"असं कसं? कुत्र्याची नोंद होते. माणसाची जन्मताना होते, घर बदलताना होते, मेल्यावर होते!"

"झाडाची होत नाही."

"बरं. मग नोंद लागत नाही असं लेखी द्या."

"तसं लेखी हवं असेल तर अर्ज करावा लागेल."

"द्या तो अर्ज."

"तो नाहीये."

मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "आजोबा, गुपचूप लावा की! आम्हाला पासपोर्ट हवाय!"

'आजोबा' हा शब्द एबरहार्टला लागला, पण 'गुपचूप' त्याहून जास्त लागला. आयुष्यात तो कधी गुपचूप शिंकलासुद्धा नव्हता. तो बाहेरच्या बाकावर बसला, खिशातून कोरा कागद काढला आणि स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला. आता अडतीस वर्षं ज्या हाताने एकाच प्रकारचे अर्ज हाताळले, त्या हाताला दुसरा प्रकार कुठून सुचणार? त्याने सवयीने डाव्या बाजूला चार बोटं जागा सोडली आणि वर रेघ मारून विषय लिहिला: 'राहत्या घरातील बंदिस्त जागेच्या वापरातील बदलाबाबत.' मग तारीख, सही, खाली मोजमापं. कागद पेटीत टाकल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की घरी जाताना त्याने केक घेतला.

ज्याला कोणी हात लावणार नव्हतं, त्याने आपल्या हाताने मान नेऊन फासात घातली आणि वर केक खाल्ला.

बिया सहा, उगवल्या सहा. एबरहार्टने प्रत्येकीला लाकडी पट्टी लावली. तीन पट्ट्यांवर 'ए', तीन पट्ट्यांवर 'गु'. कुठलं झाड कोणाच्या वाट्याचं याबद्दल उद्या कोणाला शंका यायला नको. भिंतीवर तक्ता लागला. उंची, पानं, तापमान, शेरा. शेऱ्यात तो 'समाधानकारक' लिही. 'गु'ची झाडं 'ए'च्या झाडांहून उंच झाली, तेव्हा त्याने शेऱ्यात 'पाहू' असं लिहिलं.

पुढे झाडं मोठी झाली तेव्हा दिवे बारा तास चालू आणि बारा तास बंद ठेवायचे होते, तरच ती फुलतात. घरात रात्रीची वीज स्वस्त पडते, म्हणून दिवे रात्री आठला लागत आणि सकाळी आठला विझत. म्हणजे झाडांची रात्र आपल्या दिवसा. एवढं एबरहार्टने पुस्तकात वाचलं आणि काटेकोर पाळलं. दिव्यांचं घड्याळ एक मिनिट पुढेमागे होत नव्हतं. फक्त दर तासाला तो मोजपट्टी आणि विजेरी घेऊन कपाट उघडे आणि अंधार नीट आहे की नाही ते तपासे.

दरम्यान वास सुटला.

वरच्या मजल्यावर श्टोट्सबाई राहत. वय एक्याऐंशी, नाक अठरा वर्षांचं. त्या इमारतीत जिन्याच्या झाडलोटीची पाळी आठवड्याला बदले आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटके. पाटी कोणाच्या दारावर आहे यावर श्टोट्सबाईंचं जसं लक्ष होतं, तसं सीमेवरच्या सैनिकाचं कुंपणावर नसेल. पाटी नेगेल्यांकडे असताना त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"नेगेलेसाहेब, जिना कशाने पुसलात?"

"साबणाने, बाई. नेहमीच्या."

"वास बघा. ओल्या चपलेत मांजर मेल्यासारखा. पुन्हा पुसा, व्हिनेगर घालून."

खरं सांगितलं असतं तर एका वाक्यात सुटका होती. काम कायदेशीर होतं. पण कायदेशीर असणं वेगळं आणि श्टोट्सबाईंना सांगणं वेगळं. एबरहार्टने जिना पुन्हा पुसला. दुसऱ्या दिवशी बाई परत आल्या, त्याने परत पुसला. चौथ्यांदा तो गुडघ्यांवर बसून पायऱ्यांचे कोपरे घासत असताना बाई वरून कठड्यावर वाकून म्हणाल्या, "खात्यात तुम्ही फार कडक होता असं ऐकलं होतं. घरकामात कच्चे दिसता."

आत गुद्रूनने हसू आवरण्यासाठी तोंडात बोळा घातला होता.

आठवडे गेले. झाडं हिरवीगार, रुंद, कपाटाच्या दारांना टेकलेली. पण फूल एकही नाही. शेऱ्यात आता नुसतं प्रश्नचिन्ह येई.  गुद्रून बरणी टेबलावर ठेवून हात मांडीवर घेऊन बसून राही. एबरहार्ट उघडे. पूर्वी झाकण उघडताना त्याला बरं वाटे, आता चोरी केल्यासारखं वाटायला लागलं. थंडी पडली की तिची बोटं काठीसारखी होत, आणि थंडी काही त्याच्या तक्त्यासाठी थांबणार नव्हती.

अशातच पत्र आलं. जाड पाकीट, बांधकाम खात्याचा शिक्का.

'आपल्या अर्जाच्या अनुषंगाने,' पत्र म्हणत होतं, 'सदर बंदिस्त जागेचा नकाशा, आगीच्या वेळी बाहेर पडण्याच्या मार्गाचा आराखडा व इमारतीतील सर्व शेजाऱ्यांच्या संमतीच्या सह्या सादर कराव्यात. तोपर्यंत वापर सुरू ठेवल्यास ती जागा रिकामी करण्याचा आदेश काढण्यात येईल.'

एबरहार्टने ते दोनदा वाचलं आणि त्याचा चेहरा उजळला. "काय भाषा आहे बघ, गुद्रून! एक शब्द इकडचा तिकडे नाही."

"कोणी लिहिलीय?"

"मीच. वीस वर्षांपूर्वी. हा मजकूर माझा आहे." मग आपण काय वाचलं ते त्याच्या डोक्यात उतरलं आणि तो खुर्चीवर बसला.

"कपाटातून आगीच्या वेळी बाहेर पडायचा मार्ग," गुद्रून सावकाश म्हणाली. "कोणासाठी, एबरहार्ट? झाडं पळणार आहेत का?"

नकाशा त्याने काढला, बाणांसकट आणि सहा झाडांसकट. पण सह्या? शेजारी दोनच. वर श्टोट्सबाई आणि तळमजल्यावर काझांजी. नावातच 'जी' असलेल्या या माणसाला एबरहार्टने उभ्या आयुष्यात आणखी कसलाही मान दिला नव्हता. अकरा वर्षांपूर्वी काझांजींनी मागच्या बागेत अवजारांसाठी लाकडी खोपटं बांधलं होतं. स्वतःच्या हाताने, खिडकीला निळा रंग देऊन. एबरहार्टने मोजलं. बारा सेंटीमीटर जास्त उंच निघालं. महिन्याभरात पाडायला लावलं. तेव्हापासून दोघांत 'नमस्कार' एवढाच शब्द होता, तोही काझांजींकडून पाव आवाजात.

"मी नाही जाणार," एबरहार्ट म्हणाला.

 गुद्रूनने दोन्ही हात टेबलावर उपडे ठेवले आणि त्याच्याकडे पाहिलं. तो खाली गेला.

काझांजी बागेत टोमॅटोला काठ्या बांधत होते. त्यांनी पत्र वाचलं, नकाशा उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. एबरहार्ट शब्द ऐकायची तयारी करून उभा होता. अकरा वर्षं साठवलेले शब्द. त्याने उत्तरंही ठरवून आणली होती.

"पेन आहे?" काझांजी म्हणाले, आणि सही केली.

एवढंच. टोमणा नाही, अट नाही, खोपट्याचं नाव नाही. एबरहार्टला थोबाडीत बसली असती तर बरं वाटलं असतं.

"फुलं कशी आलीत?" काझांजींनी विचारलं.

"आली नाहीत."

"चला, बघू."

काझांजींच्या हाताखाली त्या थंड गावात वांगीसुद्धा पिकत, त्यामुळे एबरहार्ट निमूट वर घेऊन गेला. दिवसाचे अकरा वाजले होते. त्याने ऐटीत कपाट उघडलं, विजेरी लावली.

"दार किती वेळा उघडता?"

"दर तासाला. नोंद आहे, हे बघा."

काझांजींनी तक्ता पाहिला. मग एबरहार्टकडे पाहिलं. मग खाली मान घालून त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसतायत हे कळायला एबरहार्टला वेळ लागला, कारण त्याने त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं.

"साहेब, झाडाला सलग अंधार लागतो. मिट्ट. तुम्ही दर तासाला येऊन तोंडावर बत्ती मारता. त्याला वाटतं उजाडलं. ते फुलायचं पुढे ढकलतं." त्यांनी डोळे पुसले. "सारखी तपासणी चालू असली तर कोण फुलेल हो?"

गुद्रून दारात उभी होती. "चाळीस वर्षं मला नेमका हाच शब्द सापडत नव्हता," ती म्हणाली.

त्या दिवसापासून कपाट सकाळी आठला मिटे ते रात्री आठपर्यंत. एबरहार्ट समोर खुर्ची टाकून बसे. हात नुसते शिवशिवत. दुसऱ्या दिवशी त्याने मोजपट्टी गुद्रूनच्या ताब्यात दिली, तिसऱ्या दिवशी विजेरी. तीन आठवड्यांनी, दिवे लागल्यावर पाहिलं तर 'गु'च्या मधल्या झाडाला पहिला पांढरा तुरा आला होता. त्याने शेऱ्यात काही लिहिलं नाही. बायकोला हाक मारली.

श्टोट्सबाईंच्या सहीसाठी वर जायचं तो रोज उद्यावर ढकलत राहिला, आणि फुलं भरात आलेली असताना, सकाळी दहा वाजता, दाराची घंटा वाजली.

रापबाई. बांधकाम खात्यातली त्याची जागा आता त्यांच्याकडे होती आणि त्यांना शिकवून तयार त्यानेच केलं होतं. हातात फाइल, खिशात मोजपट्टी.

"नेगेलेसाहेब, कसे आहात? बंदिस्त जागा दाखवा."

त्याने कपाट दाखवलं.

"उघडा."

"आत्ता नाही. रात्री आठनंतर."

"कार्यालय चारला बंद होतं."

"मग सकाळी आठच्या आत या."

"साडेआठला उघडतं, साहेब. तुम्हाला माहितेय."

"तर मग झाडांची आणि खात्याची भेट होणं कठीण दिसतंय."

रापबाईंना क्षणभर तो विनोद वाटला. "साहेब, तुम्हीच शिकवलंत. आधी दार उघडायला लावायचं, मग नमस्कार करायचा. उघडलं नाही तर जागा रिकामी करण्याचा आदेश मला आजच काढावा लागेल."

"चुकीचं शिकवलं," एबरहार्ट म्हणाला आणि कपाटाला पाठ लावून उभा राहिला. सदुसष्ट वर्षांचा माणूस, दोन्ही हात पसरून, पायात घरातल्या चपला. "आत सहा झाडं आहेत, मी लपवत नाहीये. पण त्यांची रात्र आहे. आणि हिवाळ्यात माझ्या बायकोच्या हातांना ती हवी आहेत. तुमच्याकडे कपाट उघडायची परवानगी आहे का? लेखी? दाखवा."

 गुद्रूनने नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं तिने लग्नानंतर फार वेळा पाहिलेलं नव्हतं.

आवाज ऐकून श्टोट्सबाई आणि काझांजी दारात आलेच होते.

"झाडं?" श्टोट्सबाई म्हणाल्या. "कसली?"

"गांजाची, बाई," गुद्रून म्हणाली.

"गांजा! म्हणजे जिना स्वच्छ होता?" बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, मग चार वेळा पुसलात कशाला?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

"मी काय, काहीही सांगते!" मग त्या रापबाईंकडे वळल्या. "आणि तुमचं काय काम?"

"ही बंदिस्त जागा आहे, तिच्या वापरात बदल..."

"जागा? हे कपाट आहे, बाई! चौघांनी जिन्यातून वर आणलं तेव्हा मी कठड्याशी उभी होते. भिंतीचा रंग खरवडला त्यांनी. खोली कधी जिन्यातून वर येते का?"

रापबाई थांबल्या. त्यांनी फाइल उघडली, नियम पाहिला, बंद केली. "हलतं का ते?" त्यांनी विचारलं. "हलत असेल तर ती वस्तू. वस्तूला आमचं खातं लागू नाही. पण मला हललेलं दिसलं पाहिजे."

एबरहार्टने एकट्याने रेटून पाहिलं. ओक हललं नाही. त्याच्या कपाळावरची शीर वर आली, तरी हललं नाही. तेव्हा काझांजी पुढे आले आणि दुसऱ्या कोपऱ्याला खांदा लावला.

"तीनला," काझांजी म्हणाले.

तीनला कपाट कण्हलं आणि वीतभर सरकलं. मागची नळी फटकन निसटून हवेत उभी राहिली आणि आतला सगळा वास रापबाईंच्या तोंडावर आला. भोकातून उजेड आत जाणार, एवढ्यात काझांजींनी डोक्यावरची टोपी काढून त्यात कोंबली.

"हललं," रापबाई खोकत म्हणाल्या. "स्पष्ट हललं."

आठवड्याने कागद आला. शिक्का, सही, क्रमांक. 'सदर वस्तू हलते. सबब परवानगीची आवश्यकता नाही.' पहिल्या दिवसापासून एबरहार्टला हवा होता तो हाच कागद. त्याने तो चौकटीत लावायचं ठरवलं. पण ऑक्टोबरात गुद्रूनने फुलं वाळवून चरबीत शिजवली, तेव्हा गरम पातेल्याखाली ठेवायला काही सापडेना, आणि तिने हाताला आला तो कागद घेतला. शिक्क्यावर चरबीचं वर्तुळ उमटलं.

एबरहार्टने तोंड उघडलं. मलम करायला कायद्याने चालतं का, कुठल्या कलमाखाली, हे विचारायचं त्याच्या जिभेवर आलं होतं. गुद्रून डाव वर करून थांबली.

"ढवळू का मी?" त्याने विचारलं.

मार्चमध्ये काझांजींच्या बागेत पुन्हा खोपटं उभं राहिलं. निळी खिडकी, पूर्वीचीच उंची, जास्तीच्या बारा सेंटीमीटरसकट. खाली चार चाकं. चाकांचा आराखडा एबरहार्टने काढून दिला होता आणि बाजूला त्याच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'बागेतील कपाट.' रापबाई येऊन गेल्या. एबरहार्ट आणि काझांजींनी खांदा लावून ते वीतभर हलवून दाखवलं. वस्तू.

त्या संध्याकाळी काझांजी घरच्या मिरच्यांच्या लोणच्याची बरणी घेऊन वर आले. झाकण असं घट्ट बसलेलं की जणू रंगाने चिकटवलंय. बरणी टेबलावर आली आणि सवयीने एबरहार्टचा हात पुढे गेला.

"परवानगी कुठाय?" गुद्रून म्हणाली.

त्याने हात मागे घेतला. तिने बरणी छातीशी धरली, ओठ घट्ट मिटले, बोटं आवळली. पेरं पांढरी पडली. मलमाने असेल, जिद्दीने असेल, काझांजींच्या मिरच्यांच्या वासाने असेल. एबरहार्ट नेगेले, निवृत्त तपासनीस, मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसला.

त्याच्या पाठीमागे झाकण टप्पकन निघालं.